इंजिन बघणारे मामा

चौक गावाला जुन्या हायवेवर, ढाब्यांची रांग संपते तिथं, पत्र्याची एक शेड होती. शेडवर निळ्या रंगात हातानं लिहिलेली पाटी होती, 'डिझेल इंजिन बघून मिळेल', आणि खाली बारीक अक्षरांत, 'दुरुस्ती जमल्यास'. मुंबईकडून येणारे लोक ती पाटी वाचून हसायचे. काहींनी तर गाडी थांबवून फोटोही काढले. पण आमच्या भागात कुणाला सेकंडहँड ट्रक घ्यायचा असो, भातगिरणीचं इंजिन घ्यायचं असो, नाहीतर एखाद्या मंडपवाल्याला जुना जनरेटर, तो आधी या शेडमध्ये यायचा आणि मामांना सोबत घेऊन जायचा. मामा इंजिन बघायचे, एखादं वाक्य बोलायचे आणि परत यायचे. त्या वाक्यावर व्यवहार ठरायचे, नाहीतर मोडायचे.

ते माझे सख्खे मामा नव्हते. डिप्लोमा करून खालापूरच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तिथल्या जनरेटर-रूमचे ते ऑपरेटर होते आणि अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. मेंटेनन्स खात्यात मी पहिलीच मुलगी. मला कुठं ठेवावं हे साहेबांना कळेना, म्हणून त्यांनी मला जनरेटर-रूममध्ये पाठवलं. तिथं एका ओळीत तीन मोठी डिझेल इंजिनं होती आणि त्यांच्यासमोर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. डिझेलच्या कामाला पांढरा शर्ट! मी बघतच राहिले.

"बाय, भाईर जा," मामा म्हणाले. मला वाटलं, बाईमाणूस नको म्हणून हाकलतायत. पण ते पुढं म्हणाले, "भाईरनं भिंतीला हात लावून हुभी ऱ्हा. मी एक इंजिन चालू करतो. कुठलं ते सांगायचं."

मी बाहेर उन्हात भिंतीला तळवा लावून उभी राहिले. भिंत थरथरत होती एवढंच कळलं. मी ठोकून दिलं, "मधलं." ते शेवटचं होतं. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर ही परीक्षा असायची. येणारे-जाणारे कामगार माझ्याकडे बघून हसायचे. आठवडाभर मी चुकले. मग एके दिवशी तळहाताखाली त्या थरथरीतला एक बारीकसा लंगडेपणा जाणवला आणि मी ओरडले, "पहिलं!" मामा दारात आले आणि म्हणाले, "आता तुझं सर्टिफिकेट कपाटात ठेवलंस तरी चालंल."

त्यांचा डावा कान जनरेटरच्या आवाजानं कधीच निकामी झाला होता. उजव्या कानानं ते दोन कानांचं काम करायचे. फूटभर लांबीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. अशा वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना अजिबात चालत नसे. एकदा आमच्या जनरल मॅनेजरनीच मध्ये तोंड घातलं. मामांनी डोळे न उघडता त्यांच्यासमोर हात धरला, ट्रॅफिक पोलीस धरतो तसा. साहेब गप्प उभे राहिले. नंतर म्हणाले, "हा मला रजेवर असल्यासारखा वागवतो."

कारखाना बंद पडला. आम्ही सगळे इकडेतिकडे पांगलो. मी कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर मेंटेनन्सचं काम धरलं आणि मामांनी चौकला शेड टाकली. त्यांचं घर लोधिवलीला. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात बुद्धवंदना होई, आणि पौर्णिमेला मामा तोच पांढरा शर्ट घालून विहारात जात. पण कार्यक्रम विहारातला असो की कुणाच्या लग्नाचा, मामा आधी मागच्या बाजूला जायचे. जनरेटर बघायचा, त्याच्या ऑपरेटरशी दोन शब्द बोलायचे, मग पुढं येऊन वंदना नाहीतर अक्षता. कित्येक लग्नांत ते मागेच राहिले आणि जेवण संपायच्या वेळी मामी त्यांना शोधत यायच्या. मामी हसऱ्या होत्या, पण त्या बाबतीत त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला. मला म्हणायच्या, "माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात ह्यांचा फोटो नाय. जनरेटरचा हाय."

सेकंडहँड इंजिन बघायला जाताना मामांची एक कापडी पिशवी असायची. तिच्यात तो स्क्रूड्रायव्हर, एक बॅटरी, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा छोटा आरसा आणि धुतलेले चार-पाच पांढरे रुमाल. तिथं पोचल्यावर ते मालकाला नमस्कार करायच्या आधी इंजिनाला हात लावायचे. तळवा नाही, हाताची मागची बाजू, जशी आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो. इंजिन गार असेल तरच पुढचं काम. गरम लागलं तर पिशवी उचलून परत फिरायचे. मालक मागे धावत यायचा, "अहो, तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवलं होतं."

"म्हनूनच चाललो," मामा म्हणायचे. "गार इंजिन सकाळी उठतं कसं, ते बघायचं असतं. चालून तापल्यावर सगळीच बरी दिसत्यात."

निकाल देईपर्यंत ते विकणाऱ्याच्या घरचा चहा घेत नसत. पाणीही नाही. मे महिन्यात वीटभट्टीवर दोन तास उभं राहून घामानं निथळणारे मामा मी बघितलेत, पण पाण्याचा तांब्या हातानं बाजूला सारलेला. आणि निकाल सांगताना 'खराब' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. इंजिन 'दमलंय' म्हणायचे, 'रुसलंय' म्हणायचे. सगळ्यात वाईट निकाल म्हणजे 'हे काय तरी लपवतंय.' तेवढं ऐकलं की गिऱ्हाईक चपला शोधायला लागायचं.

एकदा पोशीरचं, म्हणजे आमच्याच गावचं एक कुटुंब त्यांच्याकडे आलं. मुलीला स्थळ आलं होतं, मुलाचा स्वतःचा टेंपो होता. बापाचं म्हणणं, टेंपोचं जरा बघून या, म्हणजे पोराची मिळकत टिकेल की नाही ते कळेल. मामा गेले. मुलाच्या घरच्यांना वाटलं मुलीकडचे कोणी वडीलधारे आलेत, त्यांनी पोहे केले. मामा पोहे बाजूला ठेवून अंगणात टेंपोखाली शिरले. अर्ध्या तासानं कपडे झटकत बाहेर आले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "दे पोरगी. एअर फिल्टर येळंवर बदलतो, आनि तेल गळतं तिथं त्यानं डबा ठेवलाय, माती खराब नाय केली." लग्न झालं. त्यांचा संसार चांगला चाललाय. मुलगी माहेरी आली की मामींना भेटून जायची.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते.

माझा थोरला भाऊ, दादा, खोपोलीच्या एका कंपनीतून लवकर निवृत्ती घेऊन घरी बसला. बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. लहानपणी तो नदीला पाणी आलं की केळीच्या खांबांचा तराफा करून दिवसभर तरंगत असायचा आणि आईचा मार खायचा. पन्नाशी उलटल्यावर ते वेड परत उफाळून आलं. त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी ठरवलं की एक जुनी मोटर यॉट घ्यायची आणि पर्यटकांना अलिबागच्या बाजूला समुद्रात फिरवायचं. परवाने कसे काढायचे, बोट चालवणारा तांडेल कुठून आणायचा, सगळी चौकशी त्यानं केली. एका खाडीतल्या धक्क्यावर एक यॉट विकाऊ होती. पांढरीशुभ्र, आत सोफे, खाली दोन डिझेल इंजिनं. दादा मला म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस. तू बघ आणि सांग."

मी गेले. विकणाऱ्याचा एजंट गोड बोलणारा होता. इंजिनांना नवा करडा रंग दिलेला, फरशीवरून बोट फिरवावं तर धूळ नाही. बटण दाबताच दोन्ही इंजिनं सुरू झाली. तास मोजणारं मीटर बघितलं, इंजिनं फार चाललेली नव्हती. तेल बघितलं, मधासारखं स्वच्छ. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, "चांगली आहेत." त्याच संध्याकाळी त्यानं विसार देऊन टाकला.

चार दिवसांनी मी चौकवरून जात होते, म्हणून मामांकडे डोकावले आणि अभिमानानं सगळं सांगितलं. मामा चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हात लावलास तवा गार व्हती का गरम?"

गरम होती. एजंट म्हणाला होता, ताई तुमचा वेळ वाया जायला नको म्हणून सकाळीच चालू केली होती. ज्या माणसानं मला उन्हात भिंतीला हात लावून उभं केलं होतं, त्याच्यासमोर मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी चहा अर्धा टाकला.

"उद्या जाऊ. दादाला घे. कुनाला फोन करू नको."

"मामा, तुम्ही कधी बोटीवर गेलायत?"

"नाय. पवाय बी येत नाय मला. पन इंजिन हाय ना तिथं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दादाच्या गाडीतून निघालो. मामांनी सगळ्या खिडक्या खाली करायला लावल्या. पेणपर्यंत ते समोरून येणाऱ्या ट्रकांची दुखणी सांगत होते, "ह्याचा एक इंजेक्टर गेलाय... हा बिचारा लय वजन उचलतोय..." दादा आरशातून माझ्यावर डोळे वटारत होता. त्याला हे सगळं आवडलेलं नव्हतं. विसार दिलेला, मित्रांना शब्द दिलेला, आणि आता हा पिशवीवाला माणूस.

धक्क्यावर एजंट नव्हता, बोटीचा तांडेल होता. दादाला ओळखून त्यानं आत घेतलं. फळीवरून चढताना मामांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की दोन दिवस वळ राहिला. खाली इंजिनाच्या खोलीत उतरले आणि मात्र पाय स्थिर झाले. दोन्ही इंजिनांना हात लावला. गार होती. "आता उठवा," ते म्हणाले.

उजवं इंजिन थोडं खोकून सुरू झालं आणि लगेच शांत चालायला लागलं. डावं फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग एकदम भडकून उठलं आणि मागच्या पाइपातून पांढरा धूर सोडू लागलं. उजव्याचा धूर मिनिटभरात गेला. डाव्याचा जाईना. तेवढ्यात फोनवर कळून एजंट धावत आला. तो बोलत होता आणि मामा त्याच्यासमोर हात धरून, स्क्रूड्रायव्हर कानामागे लावून उभे होते. मग इंजिन बंद करायला लावून त्यांनी डाव्याचं तेल टाकायचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूनं पांढरा रुमाल फिरवला. रुमालावर पिवळट, लोण्यासारखा चिकट थर आला.

"मापाच्या पट्टीवरचं तेल नवं हाय, काल-परवा बदललंय," ते मला म्हणाले. "पन झाकन पुसायचं ऱ्हायलं. तेलात पानी जातंय, बाय."

मामा आरसा घेऊन इंजिनाच्या मागे वाकले. बोटीचं इंजिन समुद्राच्याच पाण्यानं गार करतात, आणि ते पाणी धुरासोबत एका वाकड्या लोखंडी पाइपातून बाहेर जातं. त्या पाइपाच्या वळणावर मामांनी बोटाच्या नखानं टकटक केलं. मग मला करायला लावलं. लोखंडाचा आवाज येत नव्हता. नव्या रंगाखाली पुट्टी भरलेली होती.

"खाऱ्या पान्यानं खाल्लाय," मामा म्हणाले. "हे लपवतंय."

एजंट हसला. "काका, तुमची ट्रकची सवय. ही बोट आहे. समुद्रात चालवून बघा, मग बोला."

दादानं तेच धरलं. "चालवूनच बघू. निकाल लागून जाऊ दे." मी त्याला समजावत होते, पण तो ऐकेना. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा हट्ट होता. मी मामांना म्हटलं, तुम्ही धक्क्यावरच थांबा. ते दादाकडे बघत म्हणाले, "तो जानारच हाय. मग मी हितं बसून काय करू?"

खाडीच्या तोंडापर्यंत ठीक होतं. बाहेर लाटा लागल्या आणि मामा हिरवेनिळे पडले. कठड्यावरून दोनदा ओकले, रुमालानं तोंड पुसलं आणि परत खाली जाऊन इंजिनापाशी बसले. त्यांनी तांडेलाला पूर्ण वेग द्यायला सांगितलं. "निम्म्या येगात समदी चालत्यात." तांडेलानं वेगाचे दोन्ही दांडे पुढे ढकलले. उजव्याचा काटा चढत जाऊन जागेवर थांबला. डाव्याचा अर्ध्यातच अडकला, मागे काळा धूर, आणि तापमानाचा काटा वर. मी खाली वाकून मामांना सांगणार, एवढ्यात फाटकन आवाज झाला आणि खालून वाफेचा लोट वर आला.

ती पुट्टी उडाली होती. मोडक्या पाइपातून उकळतं खारं पाणी आणि धूर इंजिनाच्या खोलीतच फवारत होता. मी किंचाळले, "डावं बंद करा!" तांडेलानं केलं. पण वाफ एवढी होती की मामा दिसत नव्हते. आणि समुद्राचं पाणी आत आणणाऱ्या पाइपाचा रबरी तुकडाही त्या धक्क्यानं निसटला होता. खाली पाणी भरत होतं. दादा शिडीकडे धावला. मी त्याला ओढून धरलं, कारण त्या वाफेत दोघं एकमेकांवर आदळले असते.

"मामा! वर या!"

"कान हाय मला एक. वरडू नको," आतून आवाज आला. "पानी बंद करायची चावी कुठल्या बाजूला फिरती, ते त्या तांडेलाला इचार."

तांडेल ओरडून सांगत होता, मी ते त्यांच्या उजव्या कानाच्या दिशेनं ओरडत होते. पोहता न येणारा तो माणूस घोटाभर पाण्यात गुडघे टेकून, आंधळ्यासारखा हातानं चाचपत, बोटीच्या तळाची चावी शोधत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग पाण्याचा आवाज थांबला. मामा शिडीवर आले. पांढरा शर्ट काळा झाला होता आणि डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत भाजून सोलली होती.

उजव्या इंजिनावर बोट तिरकी तिरकी चालत परत आली. तांडेलानं मामांच्या हातावर पिण्याचं पाणी ओतलं, आणि हळूच मला म्हणाला, "ताई, मी दोनदा सांगितलेलं मालकाला."

धक्क्यावर उतरलो. मला वाटलं तो मामांना मिठी मारेल. पण तो म्हणाला, "तुम्ही त्याला टकटक केलंत, म्हणूनच ते फुटलं. इतके दिवस चालत होतं ना?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. मामांनी भाजलेला हात पाठीमागे घेतला, जणू तो दिसू नये, आणि म्हणाले, "आसंल बी." एवढंच. गाडीत परतीच्या वाटेवर त्यांनी खिडकी उघडायला सांगितली नाही की एकाही ट्रकबद्दल बोलले नाहीत.

दादाच्या मित्रांनी अंग काढून घेतलं. विसार थोडाफार परत मिळाला, पण दादा मिटला. ओसरीवर बसून असायचा. मामांचं नाव काढलं की उठून आत जायचा. माझ्यावर तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं, कारण गरम इंजिनाला चांगलं म्हणणारी मी होते. हे मी त्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय बोलू? तू बहीण आहेस." तेव्हा मला कळलं की मामांनी त्या दिवशी माझ्या वाटणीचंही ऐकून घेतलं होतं.

पाच-सहा महिने गेले. एका रविवारी मी पेणला एका लग्नाला गेले होते. परतताना एसटी स्टँडवर बाकड्यावर मामा दिसले. चेहरा पांढराफटक, मांडीवर पिशवी.

"मामा, इकडे कुठं?"

"हितंच. एक जनरेटर व्हता," ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे माझ्याकडे न बघता समोरच्या फलाटाकडे बघून बोलले. चपलांना वाळू लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी लोधिवलीला जाऊन मामींना गाठलं. मामी तांदूळ निवडत होत्या. आधी त्यांनी टाळलं, मग म्हणाल्या, "दर आयतवारी जातात. पहाटच्या एसटीनं. कुठल्या कुठल्या धक्क्यांवर जुन्या बोटी बघत फिरतात. घरी आलं की पोटात काय ठरत नाय, नुसती पेज पितात. मी इचारलं, कशाला वो? तर म्हनले, त्या पोराचं बोटीचं मन माझ्या हातानं मोडलंय."

पोरगा म्हणजे बावन्न वर्षांचा माझा दादा.

त्यानंतर महिनाभरानं मामा स्वतः कर्जतला रिसॉर्टच्या गेटवर आले आणि वॉचमनकडून मला बोलावून घेतलं. "एक सापडलीय," ते म्हणाले. "ल्हान हाय. रंग पार उडालाय. इंजिन एकच, आनि म्हातारं. मालक जहाजावर इंजिनिअर व्हता, आता गुडघे गेलं म्हनून इकतोय. मी गेलो तर म्हनला, थांबा, आदी खोडी सांगतो. सात खोडी सांगितल्या. मी आठवी काढली. ती बी त्याला ठावी व्हती, सांगायची ऱ्हायलेली. आमी दोघं मग लय येळ बसलो." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. "समुद्रात तीनदा नेऊन आनलीय. पूर्ण येगात. तू दादाला सांग. माझं नाव घेऊ नको."

मी घरी गेले आणि पहिलं नावच घेतलं. एसटी, पेज, ओकाऱ्या, सगळं सांगितलं. दादा ऐकत राहिला. मग उठून आत गेला.

सकाळी तो चौकला गेला. मीही मागोमाग गेले, भांडण झालं तर असावं म्हणून. मामा एका टेंपोखाली आडवे होते, फक्त पाय बाहेर. दादा पायांशी उभा राहिला. माफी मागणं आमच्या घरात कुणाला जमत नाही. शेवटी तो खाली बसला, मग सरळ जमिनीवर आडवा झाला आणि टेंपोखाली सरकला. खालून आवाज आला, "बॅटरी धर. जरा डावीकडं. हां." अर्धा तास दोघं तिथं होते. काय बोलले मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा दोघांच्याही तोंडाला ग्रीस लागलं होतं आणि दादा विचारत होता, "आठवी खोड कुठली?"

बोट घेतली. दादानं आणि मी मिळून ती खरवडली, रंगवली. इंजिनाला मात्र मामांनी रंग लावू दिला नाही. पहिल्या बोटीवरचा तो तांडेलच दादानं कामाला घेतला. आज ती बोट सुट्टीच्या दिवसांत रिकामी नसते.

मामा आता नाहीत. शेडच्या जागी टायरचं दुकान झालंय. झोपेतच गेले ते, कुणाला हाकही न मारता. मी पोचले तेव्हा विहारातली माणसं जमली होती, आणि रस्त्याच्या कडेनं टेंपो आणि ट्रक उभे होते, पार हायवेपर्यंत. मुंबईच्या रंगीत पाट्यांच्या ट्रकांपासून भातगिरणीच्या ट्रॅक्टरपर्यंत. सगळ्यांनी इंजिनं बंद ठेवली होती.

पण मला मामा आठवतात ते त्या दिवशीचे नाहीत. आठवतात ते बोटीच्या पहिल्या फेरीचे. दादानं पर्यटक घ्यायच्या आधी आम्हां घरच्यांची फेरी काढली आणि मामींनाही आग्रहानं आणलं. समुद्र घरापासून दोन तासांवर, पण मामींनी तो कधी बघितलेला नव्हता. शेती, घर, कारखान्याचा डबा, यात राहून गेलं होतं. बोट खाडीबाहेर पडली तशा त्या एकट्याच पुढच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचून. आम्ही धरायला गेलो तर म्हणाल्या, "सोडा गं, मला काय हुतंय?" लाट आली की त्या गुडघ्यातून अशा झुलायच्या की जन्म बोटीवर गेला असावा. समोर नुसतं पाणी आणि उजेड.

मामा अर्थातच खाली, इंजिनापाशी होते. मामींनी मागे वळून हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती पोचली नाही. त्या स्वतः मागे आल्या, खाली वाकल्या आणि त्यांच्या चांगल्या कानात ओरडल्या, "अवो, त्याला जरा आपलं आपलं चालू द्या! वर या!"

मामा वर आले. तोंड कडू झालेलं, दोन्ही हातांनी कठडा धरलेला. इतक्या रविवारी ते समुद्रावर गेले होते, पण दर वेळी खालीच, इंजिनाच्या खोलीत. मामींनी त्यांचा चेहरा पदरानं पुसला, हनुवटीला धरून वर केला आणि पुढे बोट दाखवलं. मामा बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "लयच मोठा हाय गं."

"मंग काय तर," मामी म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. बोट धक्क्याला लागेपर्यंत मामा खाली गेले नाहीत.